मत्स्यपेटीतील शेजार

काचेच्या पेटीत कोणते मासे एकत्र ठेवावेत, हा प्रश्न दुकानात उभे राहून सुटत नाही. तेथे सारेच मासे लहान असतात. बोटाच्या पेराएवढा एंजल मासा पुढे तळहाताएवढा होतो आणि त्याच्या सोबतचे निऑन टेट्रा एकेक करून नाहीसे होतात. त्यात क्रौर्य काही नाही. तोंडात जे मावते ते मासा खातो. म्हणून मासा आज केवढा आहे यापेक्षा पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे तोंड केवढे होईल, हे आधी विचारावे.

दुसरा विचार पाण्याचा. भिलाईच्या स्मृति नगरातील एखादे घर डोळ्यांपुढे आणू. तिकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्याही वर जातो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो: 20 अंश सेल्सियसला तो लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम असू शकतो, 30 अंशांना साडेसातच. नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. थंड पाण्यात सुखी राहणारा सोनमासा अशा पेटीत पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. शिवाय तो खातो पुष्कळ व पाणी लवकर दूषित करतो. त्याला मोठे, स्वतंत्र बिऱ्हाड द्यावे, हेच बरे.

मग बोलवावे कोणाला? फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगा व तिच्या शाखांतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रथम वर्णिलेले तीन छोटे मासे आपल्या कामाचे आहेत. पट्टेदार झेब्रा मासा तापमानातील मोठे चढउतार सोसतो व थव्याने पोहतो. लहान गोरामी वनस्पतींच्या आडोशाला वरच्या थरात राहतो. कल्ल्यांच्या वर असलेल्या घडीदार इंद्रियाने तो थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. गुंटिया लोच तळच्या मऊ वाळूत अन्न शोधतो. तिघांच्या जागा निराळ्या असल्याने तंटा कमी होतो.

साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीत वाळू वगळता सुमारे 45 लिटर पाणी राहते. तेवढ्यात आठ झेब्रा, गोरामीची एक जोडी व चार लोच पुरेत. गोरामीचे दोन नर ठेवू नयेत, ते भांडतात. झेब्रा मात्र दोघे-तिघेच ठेवले, तर थव्यातली धावपळ इतरांच्या पाठलागावर निभावते.

एका प्रदेशातले मासे नेहमीच एकमेकांस मानवतात, असेही नव्हे. त्याच ग्रंथात चंदा नामा हा काचेसारखा पारदर्शक मासा आहे. दिसायला अत्यंत मोहक. पण तो दुसऱ्या माशांचे खवले उपटून खातो!

सर्व मासे एकाच दिवशी पेटीत सोडू नयेत. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू वाळूत वाढण्यास काही आठवडे लागतात. प्रथम काही झेब्रा सोडावेत, महिन्याभराने थवा पुरा करावा, आणि गोरामी सर्वांत शेवटी आणावेत.