थंडी सोसते, मीठ सोसत नाही

टोरोंटोत कुत्रा पाळणाऱ्या मराठी कुटुंबांना एक कळकळीचे सांगणे आहे. हिवाळा तोंडावर आला की आपण कुत्र्यासाठी आधी स्वेटर आणतो. पुण्या-मुंबईच्या हवेत वाढलेल्या आपल्याला थंडीचीच धास्ती असते. स्वेटर जरूर घाला, पण त्याचे पाय रोज बघा. इथल्या फुटपाथवर पायांचे खरे हाल करते ते बर्फ वितळवायला टाकलेले मीठ.

आमचा राजा गोल्डन रिट्रीव्हर. जानेवारीतल्या एका संध्याकाळी फिरून परतताना तो मध्येच थांबला आणि पुढचा पाय उचलून धरला. दोन पावले टाकायचा, पुन्हा पाय वर. घरी आल्यावर पंजे चाटत बसला. रात्री उलट्या झाल्या, आणि पाणी तर किती प्यायला! सकाळी बोटे फाकवून पाहिली तेव्हा मधली कातडी लालभडक झाली होती आणि तळव्याच्या एका गादीला भेग पडली होती. डॉक्टरांनी पाय पाहताच सांगितले, मीठ लागले आहे, आणि चाटल्यामुळे तेच पोटातही गेले आहे.

कुत्र्याचा पंजा थंडी सोसण्यासाठीच घडलेला असतो. गादीत चरबी असते. तिथे ऊबदार रक्त आणणाऱ्या धमन्यांना लागूनच शिरांचे जाळे असते, त्यामुळे परतणारे थंड रक्त वाटेतच तापते. जपानी संशोधकांनी ही रचना २०११ साली उलगडून दाखवली. मिठापुढे मात्र तिचा उपयोग नाही. मीठ कातडीतला ओलावा ओढून घेते, गादी कोरडी पडून तडकते आणि भेगेत खडे रुततात. साधे मीठ उणे दहा अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ते विरघळताना उष्णता सोडते आणि ओल्या पंजाला अधिकच झोंबते.

तेव्हा बाहेर पडण्याआधीची तयारी महत्त्वाची. गाद्यांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीला कापा, नाहीतर तिथे बर्फाच्या गोळ्या होऊन कातडी ओढली जाते. नखे वाढली की बोटे फाकतात आणि बर्फ आत शिरतो, म्हणून तीही कापलेली हवीत. मग पंजांसाठी मिळणारे मेण चोळा. माणसांची क्रीम लावू नका. झिंक ऑक्साइड किंवा झायलिटॉल असलेले क्रीम कुत्र्याने चाटले तर विषबाधा होते.

सर्वांत चांगले म्हणजे बूट. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे लाड वाटतात. त्यांना मी अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीबद्दल सांगते. बर्फात सुमारे १,६०० किलोमीटर घसरगाडी ओढणाऱ्या त्या काटक कुत्र्यांसाठीही, प्रत्येकी आठ बूट जवळ ठेवण्याचा नियम आहे. आधी घरात थोडा थोडा वेळ घालून सवय लावा. पट्टा आवळून बांधू नका, रक्तपुरवठा अडतो.

परत आल्यावर, तो चाटायला बसण्याआधी, कोमट पाण्यात एकेक पाय बुडवा, बोटांमधली जागा धुऊन कोरडी करा. पोट आणि छातीही पुसा, तिथेही मीठ उडते. रस्त्यातले डबके त्याला चाटू देऊ नका. गाडीतून गळलेले अँटीफ्रीझ गोडसर लागते आणि त्याच्या थोड्याशा घोटानेही मूत्रपिंडे निकामी होतात. तशी शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा. दिव्याचे खांब आणि लोखंडी झाकणेही टाळा. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि वायरिंग खराब असेल तर कुत्र्याला जिवघेणा धक्का बसू शकतो.

पंजा फिकट किंवा करडा पडून थंडगार लागला तर हिमदंश समजा. चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका. कोमट पाण्याने ऊब द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

पाय धुणे आपल्या हातात असते, पण दारापुढे किती मीठ पडते हे इमारतीत ठरते. आमच्या रहिवाशांच्या बैठकीत मी हा विषय मांडला आणि आता मागच्या दाराशी वाळू टाकतात. वाळूने पाय घसरत नाही आणि पंजाही जळत नाही. तुमच्याकडे बैठक असेल तेव्हा पहिला बर्फ पडण्याआधीच हे बोला.