शुल्कवाचक शब्द आणि शाळेच्या सोयी

लखनौच्या एखाद्या शाळेचे इंग्रजी माहितीपत्रक हाती पडले, तर मराठी पालकाला पहिलाच शब्द चकवण्याचा संभव असतो. १८४५ साली सुरू झालेली ला मार्टिनिअर ही संस्था 'कॉलेज' म्हणवते. पण तेथे शालेय शिक्षण दिले जाते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली त्याच शहरात स्थापन झालेले मॅरिस कॉलेज हे मात्र संगीताचे विद्यालय होते. उत्तर प्रदेशात बारावीपर्यंतच्या शाळेसही 'इंटर कॉलेज' म्हणतात. तात्पर्य, शब्दाचा अर्थ त्यामागील व्यवहारावरून ठरवावा. पैशाच्या बाबतीत तर हे पथ्य अधिकच कसोशीने पाळले पाहिजे.

'फी' म्हणजे सेवेबद्दल द्यावयाचे शुल्क. वस्तूला 'प्राइस' असते, प्रवासाला 'फेअर' आणि घराला 'रेन्ट'. शुल्क, पुस्तके, गणवेश व प्रवास असा शिक्षणाचा एकूण खर्च सांगावयाचा असेल, तेव्हा 'कॉस्ट' हा शब्द योजावा. 'ट्यूशन' या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'सांभाळ' असा आहे. पुढे त्याला 'अध्यापन' हा अर्थ आला. आपल्याकडे ट्यूशन म्हणजे खाजगी शिकवणी. अमेरिकेत मात्र अध्यापनाच्या शुल्कालाच ट्यूशन म्हणतात. म्हणून भारतातील शाळेला पत्र लिहिताना 'ट्यूशन फी' असा पूर्ण उल्लेख करणे श्रेयस्कर होय.

'कॉशन मनी' ही अनामत रक्कम असते. ती परत मिळावयाची असल्याने तिला फी म्हणू नये. 'डोनेशन' म्हणजे स्वेच्छेने दिलेली देणगी. शाळेने जाहीर केलेल्या शुल्काखेरीज घेतलेली कोणतीही देणगी वा रक्कम म्हणजे 'कॅपिटेशन फी', अशी व्याख्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमात आहे. प्रवेश देताना ती घेण्यास कलम १३ अन्वये मनाई असून, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. पावतीवर कोणता शब्द लिहिला जातो, याकडे पालकाने लक्ष द्यावे ते यासाठीच.

सोयींच्या शब्दांतही असाच विवेक हवा. 'फॅसिलिटीज' म्हणजे सोयी, तर 'फॅकल्टी' म्हणजे अध्यापकवर्ग. 'लॉजिंग' म्हणजे केवळ राहण्याची सोय. 'बोर्ड' म्हणजे भोजन. निवास व भोजन मिळून 'बोर्डिंग' होते. 'हॉस्टेल' ही वसतिगृहाची इमारत, तर 'डॉर्मिटरी' म्हणजे अनेक खाटांची सामाईक खोली. अमेरिकेत मात्र संपूर्ण वसतिगृहालाच डॉर्मिटरी म्हणतात. उत्तर प्रदेशाच्या २०१८ च्या शुल्क-नियमन अधिनियमात वाहतूक, निवास व भोजन यांचे शुल्क ऐच्छिक गणले आहे. साहजिकच, बसने न जाणाऱ्या मुलाच्या पावतीवर 'ट्रान्सपोर्ट फी' आढळली, तर पालकाने विचारणा करावी.

सारांश, अर्जावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: पैसे कशाबद्दल द्यावयाचे, ते बंधनकारक आहेत की ऐच्छिक, आणि ते परत मिळणार आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे योग्य शब्द निवडणे अवघड राहत नाही.