संगणक एकाएकी बंद पडतो तेव्हा : घरगुती तपासाचा एक पाठ

यंत्र म्हटले की बिघाड आलाच. शिवणयंत्र असो, पाण्याचा पंप असो वा घरातील संगणक असो, आज ना उद्या ते अडून बसणारच. तथापि शिवणयंत्राचा दोरा तुटला तर घरातील गृहिणी घाबरत नाही. ती सुई पाहते, दोऱ्याचा ताण पाहते, बॉबिन काढून पुन्हा बसविते. संगणकाचा पडदा एकाएकी निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या, की मात्र सारे घर हवालदिल होते. याचे कारण संगणक फार गहन आहे हे नव्हे. त्याला काय विचारावे आणि कोणत्या क्रमाने विचारावे, हे आपल्याला कोणी शिकविलेले नसते, हे होय. तो क्रम या लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत. बहुतेक घरांत विंडोज ही कार्यप्रणाली असल्यामुळे विवेचन तिच्यापुरते ठेवले आहे.

बिघाडाचे तीन प्रकार

‘संगणक बंद पडला’ या एकाच वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्यावाचून तपास पुढे सरकत नाही.

पहिला प्रकार म्हणजे एखादाच प्रोग्रॅम कोसळणे. पत्र लिहिता लिहिता लिहिण्याचा प्रोग्रॅम मिटतो, परंतु बाकी संगणक चालू राहतो. असे घडले तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा, त्याला जोडलेल्या उपांगाचा किंवा उघडलेल्या फाइलचा असतो. तो प्रोग्रॅम अद्ययावत करावा, दुसरी फाइल उघडून पाहावी, आणि तरीही सुधारणा नसेल तर तो काढून पुन्हा बसवावा.

दुसरा प्रकार निळ्या पडद्याचा. विंडोजच्या गाभ्यात किंवा गाभ्याशी बोलणाऱ्या ड्रायव्हरमध्ये अशी चूक होते, की पुढे काम चालू ठेवल्यास साठविलेली माहितीच बिघडावी. अशा वेळी विंडोज आपण होऊन सर्व काम थांबविते. म्हणजे निळा पडदा हा रोग नसून रोगाची वर्दी आहे. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळ्या रंगाचा करण्यात आला. अर्थ तोच आहे.

तिसरा प्रकार म्हणजे कोणताही संदेश न देता संगणक विझणे किंवा आपोआप पुन्हा सुरू होणे. येथे पहिला संशय वीजपुरवठ्यावर आणि उष्णतेवर घ्यावा.

आधी नोंद, मग उपाय

वैद्य असो वा हकीम, तो आधी विचारपूस करतो आणि मग नाडी पाहतो. संगणकाच्या बाबतीतही एक साधी वही फार उपयोगी पडते. बिघाड कोणत्या तारखेला, किती वाजता झाला. त्या वेळी काय चालू होते. संगणक सुरू होऊन किती वेळ झाला होता. आणि गेल्या आठवड्यात नवे काय बसविले, एवढे त्यात लिहावे. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरातच पुष्कळदा गुन्हेगार सापडतो. काल नवा प्रिंटर जोडला आणि आज पडदा निळा झाला, तर तपासाला कोठून सुरुवात करावी हे निराळे सांगावयास नको.

निळ्या पडद्यावर ‘स्टॉप कोड’ या शब्दांपुढे एक नाव असते. मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. पडदा क्षणात नाहीसा होत असेल, तर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या मांडणीत आपोआप पुन्हा सुरू होण्याची खूण काढून टाकावी, म्हणजे तो थांबून राहतो.

पडदा हुकला तरी विंडोज स्वतःची रोजनिशी ठेवीतच असते. शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला, की एक आलेख उघडतो. त्यात दिवसवार तांबड्या फुल्या दिसतात. फुलीवर टिचकी मारली, की त्या दिवशी काय कोसळले हे कळते. अधिक तपशील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळतो. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेकजण घाबरतात. तिचा अर्थ इतकाच, की मागील वेळी संगणक रीतीने बंद झाला नव्हता. तो का बंद झाला, हे ती नोंद सांगत नाही. वीज गेली तरी तीच नोंद होते.

उपायाआधी काय वाचवावे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संगणक थोडा वेळ जरी चालत असेल, तरी दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आपल्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्कच आजारी असेल तर तपासणीच्या ताणानेही ती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी नक्कल, मग तपास. संगणकावर ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी चावी कागदावर उतरवून ठेवावी, ती नसेल तर आपल्याच घराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. सुटा भाग बाजारात मिळतो; मुलीचा प्रकल्प, दुकानाचा हिशेब आणि गेलेल्या माणसांची छायाचित्रे कोणत्याही बाजारात मिळत नाहीत.

तपासाचा क्रम

स्वस्त आणि निरुपद्रवी तपासणी आधी, खर्चाची आणि जोखमीची नंतर, हा सर्वसाधारण नियम होय. त्याच्या जोडीला दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही, आणि पुन्हा बिघडला तर आपण जेथे होतो तेथेच राहतो.

प्रथम बाहेरून जोडलेली सर्व उपकरणे काढावीत. फक्त कळफलक, माऊस आणि पडदा ठेवावा. भिंतीतील प्लग सैल तर नाही, यूपीएसची बॅटरी जुनी झालेली तर नाही, हे पाहावे. यूपीएस वगळून थेट जोडणीवर संगणक नीट चालला, तर दोष यूपीएसचा असण्याचा संभव मोठा.

त्यानंतर उष्णता पाहावी. पंखा फिरतो का? जाळीवर धुळीचा थर आहे का? प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की तो आधी आपली गती कमी करतो आणि तरीही भागले नाही तर संगणक विझतो. खेळ खेळताना किंवा दुपारच्या उन्हाच्या वेळीच यंत्र बंद पडते, अशी वहीत नोंद असेल, तर पेटी उघडून मऊ ब्रशने धूळ काढावी. त्याआधी वायर काढून, चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि हात लोखंडी चौकटीला लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारी बंद डबी, मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत जीवघेणा भार शिल्लक असू शकतो.

तिसरी पायरी ड्रायव्हरची. संगणक ‘सेफ मोड’मध्ये चालवून पाहावा, या अवस्थेत विंडोज अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर घेते. येथे संगणक तासन्‌तास बिनतक्रार चालला आणि नेहमीच्या अवस्थेत कोसळला, तर यंत्राचे भाग बहुधा शाबूत असून दोष ड्रायव्हरचा किंवा बाहेरून बसविलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा आहे, असे समजावे. शेवटी बसविलेला ड्रायव्हर मागे घ्यावा.

एका ड्रायव्हराने केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यापाशी काम करतो. त्याला त्या दिवशी एक सदोष माहितीची फाइल पाठविली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय मात्र साधा होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे. एकही भाग बदलावा लागला नाही.

चौथी पायरी रॅमची व डिस्कची. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे. अधिक कसून तपासण्यासाठी ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवितात. या परीक्षेत शंभरांपैकी नव्याण्णव गुण चालत नाहीत. एक चूक निघाली तरी ती रॅम विश्वासाची नव्हे. डिस्कसाठी ‘चेकडिस्क’ ही आज्ञा आहे, आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासण्यासाठी ‘एसएफसी’ ही आज्ञा ‘स्कॅननाऊ’ या शब्दासह देतात.

स्टॉप कोडचा उपयोग येथे होतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ हे नाव रॅमकडे, क्वचित ड्रायव्हरकडे बोट दाखविते. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ हे बहुधा ड्रायव्हरचे लक्षण. ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे सुरू होताना विंडोजला आपली डिस्कच गाठता आलेली नाही; वायर, डिस्क किंवा तिचा ड्रायव्हर पाहावा. एकच नाव वरचेवर येणे आणि दर वेळी निराळे नाव येणे, यांतही भेद आहे. नावे सतत बदलत असतील तर रॅम किंवा वीजपुरवठा यांवर संशय वाढतो; कारण स्मरणाची जागाच खोटी असेल, तर चूक आज एका प्रोग्रॅममध्ये उमटते, उद्या दुसऱ्यात.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील एका किराणा दुकानदाराचा संगणक पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा कोसळू लागला. त्यात नऊ वर्षांचा उधारीचा हिशेब होता आणि मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जास चार दिवस उरले होते. एका दुरुस्तीवाल्याने पेटी न उघडताच सांगितले, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल.’’ मुलगी आमच्या वर्गातली. तिने विचारले, ‘‘सर, फॉरमॅट मारला तर अब्बांच्या वहीचं काय?’’

तिला आम्ही आधी हिशेब पेन ड्राइव्हवर घ्यावयास लावले आणि अर्ज ग्रंथालयातील संगणकावरून भरावयास सांगितले. घाई एकदा बाजूला झाली की तपास शांतपणे होतो. तिच्या वहीत तीन दिवसांत पाच बिघाड आणि चार निराळे स्टॉप कोड नोंदले गेले. सेफ मोडमध्येही यंत्र कोसळले, म्हणजे संशय ड्रायव्हरवरून यंत्राच्या भागांकडे वळला. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढून, त्यांचे सोनेरी टोक स्वच्छ पुसून पुन्हा बसविल्या. कारण दमट हवेत तेथे डाग धरतो. तरीही फरक पडेना. मग एकेक पट्टी ठेवून पाहिली. पहिल्या पट्टीवर यंत्र दोन दिवस चालले. दुसरीवर तासाभरात कोसळले. हीच दुसरी पट्टी पहिलीच्या खाचेत बसवून पाहिली, तरीही तेच. म्हणजे खाच निर्दोष, पट्टी सदोष. एक पट्टी बदलली आणि काम झाले. फॉरमॅट मारला असता तर हिशेब गेला असता आणि रोग मात्र तसाच राहिला असता.

फसवणुकीपासून सावध

निळ्या पडद्याच्या भीतीवर पोट भरणारी माणसेही आहेत. इंटरनेट पाहताना पडदाभर इशारा येतो, कर्कश आवाज होतो आणि ‘या क्रमांकावर त्वरित फोन करा’ असे सांगितले जाते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो, एवढी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावी. ब्राउझर बंद करावा, तो न मिटल्यास संगणक बंद करावा. फोन करू नये, कोणालाही दुरून संगणक हाताळू देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असावे. त्यामुळे संगणक बंद पडत नाही. परंतु नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या की धोका वाढत जातो.

समारोप

दुरुस्तीवाल्याकडे जाण्यात कमीपणा नाही. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि निकामी डिस्क ही जाणकाराचीच कामे होत. परंतु वही घेऊन जाणारा गिऱ्हाईक आणि रिकाम्या हाताने जाणारा गिऱ्हाईक यांत फार अंतर आहे. पहिला म्हणतो, ‘अमुक तपासले, तमुक उरले आहे’. दुसऱ्याला जे सांगितले जाईल ते मान्य करावे लागते. मुलांना घरच्या संगणकावर हा पाठ करून पाहू द्यावा. पाहणे, लिहिणे, एका वेळी एकच बदल करणे आणि पुराव्यावाचून निष्कर्ष न काढणे, हे प्रयोगशाळेतील शिक्षण त्यांना घरीच मिळेल. आणि संगणक आज उत्तम चालत असेल, तर आजच आपल्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवावी. त्यासाठी बिघाडाची वाट पाहू नये.