आजोबांचा स्पीकर आणि ओहमचा नियम

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी लिहिताना थोडी अडखळते, सांभाळून घ्या. पण ही गोष्ट आमच्या आजोबांची आहे, ती मराठीतच सांगायला हवी.

पाय मोडल्यापासून आजोबा मागच्या खोलीत झोपून असतात. अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या खोलीत. त्यांना नाट्यसंगीत ऐकता यावं म्हणून दोन्ही स्पीकर त्यांच्या खोलीत न्यायचं ठरलं. अंतर 9 मीटर. 'घरात इंजिनिअर आहे' म्हणून वायर आणायचं काम माझ्याकडे आलं! एका दुकानदाराने "साध्या वायरने साऊंड मरतो, मॅडम" असं सांगितलं आणि मी मीटरला 200 रुपयांची जाडजूड वायर घेऊन आले. 18 मीटरचे 3600 रुपये. साठवलेला सगळा पॉकेटमनी संपला.

आजोबा ऐकून म्हणाले, "आवाज येतोय गं, पण गाणारा कुठे बसलाय तेच कळत नाही."

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे हिशोब.

वायर आणि स्पीकर सीरिजमध्ये असतात. वायरचा रेझिस्टन्स जास्त, तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खर्च होतं. साधा नियम असा की, वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 0.4 ओहम आणि 4 ओहमच्या स्पीकरला 0.2 ओहम. एवढ्याने आवाज जेमतेम 0.4 डेसिबल कमी होतो.

तांब्यासाठी सूत्र: रेझिस्टन्स = 0.0172 × लांबी (मीटर) ÷ क्षेत्रफळ (चौ. मिमी). करंट जाऊन परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. आमच्याकडे प्रत्येक स्पीकरला 18 मीटर.

दुकानात 14/36, 23/36, 40/36 अशी वायर मिळते. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा तारेचा गेज. 18 मीटरचा हिशोब असा:

14/36 : 0.41 चौ. मिमी, 0.76 ओहम
23/36 : 0.67 चौ. मिमी, 0.46 ओहम
40/36 : 1.17 चौ. मिमी, 0.26 ओहम

आमचे स्पीकर 8 ओहमचे, म्हणजे 40/36 पुरेशी. 4 ओहमचे असते तर एवढ्या अंतराला 2.5 चौ. मिमी घेतली असती.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून 40/36 आणली, मीटरला 45 रुपये. दोन्ही वायरींचे 9-9 मीटरचे तुकडे घेऊन लॅब गाठली. एवढा छोटा रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरवर नीट कळत नाही, कारण त्याच्या लीड्सचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो. म्हणून एका टोकाच्या दोन्ही तारा जोडल्या, पॉवर सप्लायने 1 अँपिअर सोडला आणि दुसऱ्या टोकावर व्होल्टेज मोजलं. जेवढे व्होल्ट तेवढेच ओहम! स्वस्त वायर: 0.27. महागडीवर 1.5 चौ. मिमी लिहिलेलं, म्हणजे 0.21 यायला हवं होतं. आलं 0.33! ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम! (कल्हई केलेल्या तांब्याच्या तारेत उलटं असतं, बाहेर पांढरं आणि आत लाल. ती चालते.)

पण खरं सांगायचं तर 0.33 सुद्धा 0.4 च्या आतच आहे. म्हणजे आजोबांची तक्रार वायरमुळे नव्हतीच! घरी जाऊन पाहिलं तर एका स्पीकरचं प्लस-मायनस मीच उलटं जोडलेलं. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, बेस कापला जातो आणि गायकाचा आवाज मधोमध बसत नाही. वायरच्या एका बाजूला रेघ असते. ती दोन्हीकडे प्लसलाच जोडा. स्पीकरच्या टर्मिनलवर खूण पुसली असेल तर 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे लावलं तेच स्पीकरचं प्लस.

दोन तारांची अदलाबदल केली. खर्च शून्य. आजोबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हं, आता बसला समोर."

कापलेली वायर दुकानदार परत घेत नाही. माझी हॉस्टेलच्या कॉटखाली पडली आहे. म्हणून सांगते, दुकानात जाण्याआधी कागद-पेन घ्या, आणि जाताना खिशात एक ब्लेड असू द्या.