रानातील शेकोटी : पेटविणे व विझविणे

पौष-माघात ज्वारी हुरड्यात येते आणि रानात जागोजागी आगट्या पेटू लागतात. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यास रात्र शेतात काढावी लागते. अशा वेळी शेकोटीवाचून निभाव लागत नाही. परंतु याच सुमारास बांधावरचे व डोंगरावरचे गवत वाळू लागते आणि पुढे फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणव्यांचा काळ असतो. म्हणून शेकोटी कशी पेटवावी आणि विशेषतः ती कशी विझवावी, हे प्रत्येक शेतकरी बंधूस माहीत असले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्या पाहण्यात आलेला एक प्रसंग येथे सांगतो. सकाळी हुरडा खाऊन मंडळी उठली व आगटीवर चार फावडी माती लोटून घरी गेली. आगटी विझविली, असे सर्वांचे प्रामाणिक मत होते. दुपारी वारा सुटला. वरची राख-माती उडाली, आतील गोवरीने पुन्हा धग धरली आणि शेजारच्या शेतातील कडब्याची गंज तासाभरात भस्मसात झाली. ज्याची गंज जळली, त्याने हुरड्याचा एक दाणाही खाल्ला नव्हता. उन्हाळ्याची वैरण गेल्यामुळे चैत्रात त्यास बैलजोडी विकावी लागली.

चूक कोठे झाली?

पूर्वी घरोघरी रात्री चुलीतील निखारा राखेत झाकून ठेवीत व सकाळी त्यावरच चूल पेटवीत. राखेच्या पांघरुणामुळे उष्णता बाहेर जात नाही आणि हवा अगदी थोडी मिळते. म्हणून निखारा भडकत नाही, पण विझतही नाही. घरात जी युक्ती विस्तव जतन करण्यासाठी वापरली जाई, तीच आपण रानात विस्तव विझविण्यासाठी वापरतो! झाकलेला विस्तव हा विझलेला विस्तव नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

जागा

शेकोटीसाठी नांगरलेली किंवा गवत नसलेली उघडी जमीन निवडावी. चहूंबाजूंस किमान १० फूट जागा झाडून स्वच्छ करावी. गंज, खळे, गोठा, काटेरी कुंपण व उकिरडा यांपासून जितके दूर जाता येईल तितके जावे. गंजीपासूनचे अंतर ५० पावलांहून कमी नसावे आणि वारा गंजीकडे वाहत नसावा. झाडाच्या बुंध्याशी शेकोटी करू नये. वाळलेल्या मुळ्या जमिनीखाली धुमसत राहतात. उतारावरील गवताच्या पायथ्याशीही ती नको, कारण ज्वाळांनी वरचे गवत आधीच तापते व आग चढावर वेगाने धावते.

मध्यभागी वीतभर खोल खड्डा घेऊन निघालेली माती कडेने बांधासारखी लावावी. ओढ्यातील पाण्याने भिजलेले दगड भोवती मांडू नयेत. ते तापून फुटतात.

पेटविणे

काडी ओढण्यापूर्वी दोन बादल्या पाणी, फावडे व ओले गोणपाट जवळ ठेवावे. पाणी नसेल तर शेकोटीही नको. वारा जोराचा असेल त्या रात्री घोंगडीवरच भागवावे. जळणास गोवऱ्या व जाड लाकूड चांगले. कडबा व उसाचे पाचट वापरू नये. त्यांची जळती पाती वाऱ्याबरोबर दूर उडतात. बंद पेरांचा बांबू फुटतो व ठिणग्या उडवितो. रॉकेल किंवा पेट्रोल कधीही ओतू नये. ज्वाळा गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नयेत. शेकोटीजवळ एक तरी माणूस जागा असावा. सर्वांस निजावयाचे असेल तर आधी ती विझवावी. निखारे बंद खोपीत नेऊन निजू नये. त्यांच्या विषारी वायूने झोपेतच प्राण जातो.

विझविणे

१. निघण्यापूर्वी अर्धा तास जळण घालणे बंद करावे.

२. लाकडे सुटी करून पसरावीत. गोवऱ्या फोडाव्यात, गोवरी वरून राखाडी दिसली तरी आतून धुमसत असते.

३. वाफेने भाजू नये म्हणून बाजूस उभे राहून थोडे थोडे पाणी शिंपडावे.

४. काठीने राख तळापर्यंत ढवळावी व पुन्हा पाणी घालावे. चर्र आवाज थांबेपर्यंत हे करीत राहावे.

५. शेवटी हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन पाहावी. ऊब लागली नाही तरच राखेस हात लावावा. जेथे हात ठेववत नाही, तेथून पाय काढू नये.

पाणी संपलेच, तर माती नुसती वर लोटू नये. ती निखाऱ्यांत कालवावी आणि सर्व थंड होईपर्यंत उलटसुलट करावी.

आग पसरल्यास

आग लहान असेल तर ओल्या गोणपाटाने किंवा हिरव्या डहाळ्याने, जळून गेलेल्या बाजूस उभे राहून झोडपावी. वाऱ्याच्या तोंडाशी किंवा आगीच्या वर, चढावर उभे राहू नये. आटोक्यात येत नसेल तर माणसे व जनावरे हलवून ११२ या क्रमांकावर कळवावे. राखीव वनास धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा जळता सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक परिणामकारक ठरते. सायंकाळी मोकळ्या जागी गोवऱ्यांच्या दोन लहान आगट्या कराव्यात. एकीवर राख-माती लोटावी. दुसरी पाणी घालून ढवळून थंड करावी. दोहोंजवळ रात्रभर राखण ठेवावी. सकाळी गावकऱ्यांसमोर दोन्ही उकराव्यात. झाकलेल्या आगटीची धग हातास लागली, म्हणजे वेगळे सांगावे लागणार नाही. गावातील वृद्ध स्त्रियांस अगत्याने बोलवावे. राखेतला निखारा किती काळ जगतो, हे त्या आपल्याहून अधिक जाणतात.