दम्याचा हिशेब आणि पंपाचा संकोच

दम्याचे रुग्ण किती आणि दम्याने दगावलेले किती, हे दोन आकडे सरकारी दप्तरात शेजारी शेजारी मांडलेले असले, तरी त्यांची चढउतार एकमेकांच्या संगतीने होते असे मुळीच नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लक्ष दमेकरी, म्हणजे जगातील एकूण दमेकऱ्यांच्या जेमतेम १३ टक्के; परंतु दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याच देशातले. चुलीचा आणि वाहनांचा धूर यात दोषी आहेच. तथापि सारा दोष हवेच्या माथी मारून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही.

उपचारांच्या शिस्तीने काय साधते, याचा दाखला घ्या: फिनलंडने १९९४ साली दहा वर्षांची एक योजना अमलात आणली. वैद्य, परिचारिका आणि गावोगावचे औषधविक्रेते यांना एका शिस्तीत आणून निदान लवकर करावे, आणि श्वासनलिकांचा दाह शमविणारे स्टेरॉइड श्वासावाटे आरंभापासूनच नित्य द्यावे, असा तिचा साधा आशय होता. दमेकऱ्यांची संख्या त्या काळात वाढतच गेली. तरीही दम्यापायी रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची बेरीज १९९३ ते २००३ या अवधीत ५४ टक्क्यांनी उतरली.

आपल्याकडे मात्र श्वासावाटे औषध देणाऱ्या ‘पंपाची सवय लागते’ हा समज असा काही रुजला आहे, की मुलीचे लग्न जमेपर्यंत पंप कपाटात दडवून तिला गोळ्यांवर ठेवणारी सुशिक्षित कुटुंबेही आढळतात. वस्तुतः गोळीतील स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातील मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे त्याच्या सहस्रांश मापाने. आणि पंपातील औषध थेट फुप्फुसात पोहोचते. त्याहून घातक म्हणजे नित्याचा पंप सोडून केवळ धाप लागल्यावर ओढायच्या पंपावर विसंबणे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये अशाच तात्पुरत्या आरामाच्या, तीव्र मात्रेच्या आयसोप्रिनालिन पंपाचा खप वाढला, तसे तरुण दमेकऱ्यांचे मृत्यूही वाढले, आणि १९६८ मध्ये चिठ्ठीवाचून होणारी विक्री बंद झाल्यानंतर ते ओसरले. औषधाचे विष की त्याने दिलेला खोटा दिलासा, हा वाद पुढे पुष्कळ चालला.

तेव्हा तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनदांहून अधिक लागत असेल, तर उपचार अपुरा आहे असे समजून वैद्यांना गाठावे. बरे वाटले म्हणून नित्याचा पंप परभारे बंद करू नये. तो घेतल्यावर चूळ भरावी. वाक्य पुरे बोलवत नसेल, ओठ निळसर पडले असतील, तर घरगुती काढ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. आणि पुढच्या खेपेस दवाखान्यात जाताना चिठ्ठीबरोबर पंपही न्यावा, व तो कसा ओढता ते वैद्यांसमोर करून दाखवावे. कारण चुकीच्या पद्धतीने घेतलेले औषध बहुतांशी घशातच राहते.