लाकडात कापलेले आपले नाव
(स्क्रोल सॉची ओळख, अक्षरांची परीक्षा आणि यंत्राची निगा)

मुलांनो, या वेळचा पाठ वहीत लिहायचा नाही, लाकडात कापायचा आहे. प्रत्येकाने आपल्या नावाची देवनागरी पाटी करायची, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. ज्या यंत्रावर ती करायची त्याला इथे 'स्क्रोल सॉ' म्हणतात. मराठीत त्याला एकच एक रूढ शब्द नाही, म्हणून आपणही स्क्रोल सॉच म्हणू. बाकीचे शब्द मात्र मराठीतच वापरू, कारण सुतारकामाचे शब्द आपल्या भाषेत भरपूर आहेत आणि इथल्या घरांत ते कानांवर पडत नाहीत.

आधी हे यंत्र पाहू. एका टेबलाच्या मधोमध लहान भोक असते. त्यातून शिवणाच्या जाड दोऱ्याएवढे बारीक पाते उभे जाते आणि वर-खाली, वर-खाली चालते. पाते साधारण ५ इंच लांब असते. शिवणयंत्राची सुई आठवा. कापड जसे आपण सुईखाली फिरवतो तसेच लाकूड पात्यासमोर फिरवायचे. नेहमीची करवत सरळ जाते. पाते बारीक असल्यामुळे ही करवत मात्र हवी तशी वळते, अगदी जागच्या जागी गिरकी घेते. 'ळ' कापायला दुसरे काय हवे?

हे काम नवे नाही. लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून बारीक करवतीने कापले. मुलांना भूगोल शिकवण्यासाठी केलेले हे तुकडे म्हणजेच पुढचे जिगसॉ पझल. आपल्या न्यू जर्सीत केप मेला गेलात तर जुन्या घरांच्या ओसऱ्यांना आणि वळचणींना लाकडी झालरी दिसतील. एकोणिसाव्या शतकातले हे करवतकाम इतके जपलेले आहे की १९७६ साली ते गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले. पुढच्या उन्हाळ्यात समुद्रावर गेलात की मान वर करूनही पाहा.

आता आपल्या पाटीकडे वळू. इंग्रजीत नाव कापले तर प्रत्येक अक्षर सुटे पडते आणि मग ती एका ओळीत चिकटवत बसावे लागते. आपल्या लिपीची गंमत अशी की शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. वाळत घातलेले कपडे दोरीला लटकावेत तशी अक्षरे तिला लटकतात. 'तारा', 'राजा', 'सागर' ही नावे एकसंध निघतात. 'ग'चे दोन भाग एरवी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, पण शिरोरेषेमुळे दोन्ही जागेवर राहतात.

पण सगळीच नावे इतकी सोपी नसतात. अनुस्वार हा पहिला खोडकर. 'वसंत' कापले की टिंब टपकन खाली पडते आणि भुशात हरवते, मग पाटीवर 'वसत' उरते. टिंबाखाली बारीक देठ ठेवून ते शिरोरेषेला जोडता येते. मागे पाठफळी लावणार असाल तर ते वेगळे चिकटवावे. दुसरा मार्ग आम्हांला अधिक आवडतो, कारण टिंब टिंबासारखेच दिसते. 'ऑ'वरच्या अर्धचंद्राचे आणि विसर्गाच्या दोन टिंबांचेही असेच करावे.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे आणि या पाठाचा खरा मुद्दा तोच आहे. 'थ', 'ध', 'भ' या अक्षरांच्या डाव्या भागावर शिरोरेषा नसते. तिथे मोकळी जागा असते. 'माधव' लिहून पाहा. 'मा'वरची रेघ संपते, मग फट, मग पुन्हा रेघ. लाकडात कापले की या नावाचे 'मा' आणि 'धव' असे दोन तुकडे होतात. 'शुभदा'चे 'शु' आणि 'भदा' होतात. अशा वेळी कोणालाही वाटेल की शिरोरेषा सलग ओढून टाकावी, पाटी एकसंध निघेल. एकसंध निघेल खरी, पण 'माधव'चा 'माघव' होईल आणि 'शुभदा'ची 'शुमदा'! 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यात मुख्य फरक त्या फटीचाच आहे. ('म' आणि 'भ' यांची वहीत गल्लत करणारी मंडळी वर्गात आहेत. नावे सांगत नाही!) आजी-आजोबा भेटीला येतील तेव्हा दारावरचे नाव ते वाचणार आहेत. लाकडाच्या सोयीसाठी नाव बदलायचे नाही. फट पुरती एक सूत रुंद ठेवावी, दोन्ही तुकडे निघू द्यावेत आणि पाठफळीवर आधी कागदाची झेरॉक्स ठेवून त्याबरहुकूम जुळवावेत.

'सूत' म्हणजे काय, हे पालकांना आठवत असेल. आपल्याकडच्या सुतारांच्या भाषेत एक सूत म्हणजे एक-अष्टमांश इंच. पाव इंच म्हणजे दोन सूत. भारतात मेट्रिक मापे आल्याला कितीतरी वर्षे झाली, पण सुताराच्या तोंडचे सूत काही गेले नाही. अमेरिकेत इंच चालतातच, म्हणजे हे माप आपल्याला इथे आयतेच उपयोगी पडते.

'ल' आणि 'श' यांविषयी पालकांना एक विनंती. संगणकावरून अक्षरे छापून घेतलीत तर पुष्कळ टंकांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात मराठी वळणाची अक्षरेच प्रमाण धरली आहेत. तेव्हा 'ल' दोन पाकळ्यांचा असावा. टंकात मिळत नसेल तर हाताने काढावा. हाताने काढलेल्या अक्षराची पाटी अधिक देखणी होते असे आमचे मत आहे.

लाकूड कोणते घ्यावे? पाव इंची बर्च प्लायवूड. कारण समजून घ्या. साध्या फळीत लाकडाचे रेषे एकाच दिशेने जातात आणि लाकूड रेषांच्या बाजूने चटकन चिरते. रेषे आडवे ठेवले तर शिरोरेषा मजबूत होते, पण अक्षरांचे काने मोडतात. रेषे उभे ठेवले तर काने टिकतात आणि शिरोरेषाच मोडते. प्लायवूडमध्ये एकावर एक पातळ थर आलटून-पालटून उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे दोन्ही दिशांना बळ मिळते. तरीही 'ट', 'ड', 'द', 'ह' यांसारख्या बिनकान्याच्या अक्षरांचा देठ जाड ठेवावा. अख्खे अक्षर त्या देठावर लटकलेले असते.

लाकडावर आधी रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी लावावी, तिच्यावर अक्षरांचा कागद चिकटवावा आणि कागदावरून पार्सलची पारदर्शक पट्टी लावावी. वरच्या पट्टीमुळे कापताना लाकूड कमी करपते, आणि काम झाल्यावर खालच्या पट्टीसकट कागद सोलून निघतो.

आतले भाग नेहमी आधी कापायचे. बाहेरची कड आधी कापली तर हातात धरायला लाकूडच उरत नाही. 'व'च्या पोटात एक पोकळी आहे, 'प'मध्ये एक, 'ब'मध्ये तिरक्या रेघेमुळे दोन. प्रत्येक पोकळीत बारीक भोक पाडायचे, पात्याचे एक टोक सोडवून भोकातून ओवायचे, पुन्हा अडकवून ताण द्यायचा आणि मग कापायचे. 'बाबा' कापताना हे चार वेळा करावे लागते, 'तारा' कापताना एकदाही नाही. काही पात्यांच्या टोकांना आडव्या खिळ्या असतात. ती अडकवायला सोपी, पण खिळी जाण्यासाठी भोक मोठे पाडावे लागते. लहान अक्षरांना बिनखिळीचीच पाती घ्यावीत.

पाते लावताना दाते खाली वळलेले हवेत. ओळखायचे कसे? यंत्राची वायर भिंतीतून काढावी आणि कापडाचा तुकडा पात्याच्या दात्यांवरून हलकेच फिरवावा. खालून वर नेताना कापड अडकले आणि वरून खाली आणताना सरकले, तर पाते बरोबर आहे. उलटे लावले तर ते लाकूड उचलून आपटत राहते. काही पात्यांचे तळाचे थोडे दाते मुद्दाम वर वळवलेले असतात, त्यामुळे प्लायवूडची खालची बाजू उसवत नाही. पाटीच्या कामाला ती उत्तम.

मग ताण. तंबोरा लावताना तार छेडून पाहतात तसे पाते बोटाने छेडावे. स्वच्छ, उंच स्वर यावा. बद्द आवाज आला तर ताण कमी आहे. सैल पाते लाकडात वाकते आणि कड तिरपी होते, फाजील ताणलेले पाते तुटते. एक-दोन महिने काम केलेल्या मुलाला हा स्वर आपोआप कळू लागतो. कापताना लाकूड ढकलू नये. पाते खाते तेवढेच द्यावे. बहुतेक पात्यांना एका बाजूची किंचित ओढ असते, म्हणून रेघ सरळ असली तरी लाकूड थोडे तिरपे धरावे लागते. सुरुवातीला सगळेच यावर चिडतात. सुतासारखे सरळ कापणे हेच सर्वांत अवघड, वळणे त्यापेक्षा सोपी!

आता निगा. हा भाग पालकांनी आवर्जून वाचावा, कारण वर्गासाठी यंत्र एकच आहे आणि ते आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी जाणार आहे.

काम संपले की पात्याचा ताण सोडावा. भुसा ब्रशने झाडावा, विशेषतः टेबलाखालचा आणि पाते धरणाऱ्या चिमट्यांतला. नव्या पात्यावर कधी कधी तेलाचा पातळ थर असतो. त्यामुळे पाते चिमट्यातून निसटते आणि लोक उगाच स्क्रू आवळत बसतात. स्क्रूचे आटे त्यानेच जातात. पात्याची टोके स्पिरिटने पुसावीत, चिमट्याच्या आतल्या बाजूवर पॉलिश पेपर हलकेच घासावा, पकड येते.

लोखंडी टेबल बेसमेंटच्या दमट हवेत गंजते. त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा, वाळल्यावर फडक्याने घासावा. लाकूडही छान सरकते. तेल मात्र टेबलावर लावू नये, लाकडाला डाग पडतात आणि वर रंग धरत नाही.

टेबल पात्याशी काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून पाहता येते. गुण्या नसेल तर आणखी एक युक्ती आहे. जाड ठोकळ्याच्या एका कडेला थोडासा काप घ्यावा, यंत्र बंद करावे, ठोकळा पात्याच्या मागच्या बाजूला न्यावा आणि तोच काप मागून पात्यावर सरकवून पाहावा. पाते कापात सहज गेले तर टेबल बरोबर आहे. अडले तर टेबल कलले आहे.

तेलाचे काय? काही यंत्रांच्या बेअरिंगना तेल द्यावे लागत नाही, काहींना लागते. पुष्कळ पुस्तिकांत पहिल्या १० तासांच्या कामानंतर आणि पुढे दर ५० तासांनी तेल द्यावे असे लिहिलेले असते. यंत्र आडवे करून तेल सोडायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुशीवर वळवून पुन्हा तसेच करायचे. आपल्या यंत्राची पुस्तिका पाहूनच हे करावे. कुईकुई आवाज येऊ लागला तर तारखेची वाट पाहू नये.

यंत्र थरथरत असेल तर ते बाकाला बोल्टने घट्ट बसवलेले नाही, किंवा कुठला तरी स्क्रू सैल झाला आहे. आणि लाकूड करपू लागले, जोर लावावा लागला, की पाते बोथट झाले असे समजावे. ते बदलावे. पात्याची काटकसर करणारे लोक बोटांची उधळपट्टी करतात.

नियम थोडेच आहेत आणि त्यांत सूट नाही. मोठे माणूस शेजारी उभे असल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मुखपट्टी. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या नकोत, केस बांधलेले हवेत. बोटे पात्याच्या समोर नाही, बाजूला ठेवायची. पाते बदलताना वायर भिंतीतून काढलेली हवी. दहा वर्षांखालच्या मुलांनी हातची बारीक करवत वापरावी. तिने काम हळू होते, पण नाव तितकेच चांगले निघते.

स्वाध्याय :
१. पाते, दाते, भुसा, रेषे, सूत, गुण्या, कानस, देठ, पाठफळी. यांतील पाच शब्द वापरून वाक्ये लिहा. 'कानस' हा शब्द पाठात आलेला नाही, घरी विचारून या.
२. 'पाव', 'बाबा', 'राजा', 'मावशी' यांत आतून कापायच्या पोकळ्या किती? आपल्या वळणाची अक्षरे काढून मोजा.
३. आपले पूर्ण नाव ठळक अक्षरांत काढा. कुठे टिंब सुटते, कुठे शिरोरेषा तुटते, तिथे लाल पेन्सिलीने खूण करा.
४. मोठ्या मुलांसाठी : १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते, २०१४ साली पालघर झाल्यापासून ३६ आहेत. या नकाशाचे लाकडी कोडे करायचे तर कोणते तुकडे फार लहान पडतील आणि त्यांचे काय करावे?

तिसऱ्या प्रश्नाचा कागद पुढच्या वर्गाला आणावा. आम्ही तो तपासून दिल्यावरच लाकडावर चिकटवायचा.